कंटेनर नीट पोचला, म्हणून वाद मिटला का?

पत्र :

मॅडम, नमस्कार. दिंडोरीजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी ऑपरेशन्स मॅनेजर आहे. एकोणीस सीझन काढले. माझ्या हाताखाली पॅकिंगचे इनचार्ज, कोल्ड स्टोरेजचे टेक्निशियन, डिस्पॅचचे सुपरवायझर, अकाउंटंट, फील्ड ऑफिसर वगैरे धरून नऊ जण. टीम अगदी कुटुंबासारखी, कधी कोणाचा आवाज चढलेला नाही. मागच्या वर्षी क्वालिटीला राहुरीहून एमएस्सी केलेली एक मुलगी घेतली. ती प्रत्येक गोष्टीला फाटे फोडते. फेब्रुवारीत रात्री साडेअकराला नेदरलँड्सचा कंटेनर लागला होता, सकाळी बंदरात पोचवायचा होता. ही म्हणाली, दोन पॅलेटचं (पेट्यांच्या थप्प्यांचं) पल्प टेंपरेचर, म्हणजे मण्याच्या आतलं तापमान, चार अंश दाखवतंय, आपल्या नियमाने दोनच्या आत हवं, लोड करू नका. ड्रायव्हर, हमाल, सगळ्यांच्या देखत. मी लोड करायला लावलं. कंटेनर रॉटरडॅमला नीट पोचला, नुकसानभरपाईचा क्लेम आला नाही. आता सगळे तिला 'थर्मामीटर' म्हणतात. मालक म्हणतात, पुढच्या सीझनला तिला फील्डवर टाका. एक सल्लागार आले होते, ते म्हणाले, वाद चांगलेच असतात, दर मीटिंगला एकाला मुद्दाम विरोधक नेमा. मला दोन्ही पटत नाही. टीममधली शांतता न बिघडवता काय करू?

– एक वाचक, दिंडोरी

उत्तर :

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि माणसं मोजली. इनचार्ज, टेक्निशियन, सुपरवायझर, ऑफिसर, सगळे आपापल्या हुद्द्याने आलेत. जिच्या सहीवर माल युरोपात जातो ती तेवढी 'एक मुलगी'. मुद्दाम लिहिलं नसणार, मान्य. पण तुम्ही ज्या नजरेने बघता त्याच नजरेने बाकीचेही बघतात, हे एकोणीस सीझन माणसं सांभाळलेल्या माणसाला मी काय सांगायचं. मी आपली तिला क्वालिटी ऑफिसर म्हणेन.

आधी त्या रात्रीचं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण हे सदर द्राक्षाशी संबंध नसलेलेही वाचतात, म्हणून थोडं सांगते. द्राक्ष पहाटे-सकाळी ऊन चढायच्या आत तोडायचं, प्री-कूलिंगला लावून काही तासांत शून्याच्या जवळ आणायचं आणि मगच कंटेनरमध्ये भरायचं. घाई एवढ्यासाठी, की रीफर कंटेनरचं यंत्र थंड झालेला माल थंड ठेवायला असतं. गरम माल थंड करणं हे त्याचं काम नाही. चार अंशांवर भरलेल्या पॅलेटच्या मधल्या पेट्या कितीतरी दिवस तशाच राहतात. पेटीत घाम धरतो, ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखायला पेटीत ठेवतात तो, कागद ओलसर झाला की सल्फर डायऑक्साइड एकदम सुटतो, मणी देठाकडून पांढरे पडायला लागतात. आणि एकदा तो वायू आधीच संपला की प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात बुरशीला रान मोकळं. त्यात २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि प्रवास दिवसांनी वाढला. अशा वेळी दोन अंशांचा फरक म्हणजे चिकित्सा करायची हौस नाही हो. तिने तुमच्याच वहीतला नियम तुम्हाला वाचून दाखवला.

"पण कंटेनर नीट पोचला ना!" तुमच्या पत्राचा सगळा भार या एका वाक्यावर आहे. मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, आतले सातही जण गेले. कारण निघालं रॉकेटच्या सांध्यातल्या ओ-रिंगचं. आपल्या पंपात असते तशीच रबरी कडी, फक्त आकाराने प्रचंड. थंडीत रबर कडक होतं आणि सांधा वेळेत बंद होत नाही. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीचे इंजिनिअर फोनवरच्या मीटिंगमध्ये हेच सांगत होते. त्यांतले रॉजर बॉइजोली तर महिनोनमहिने सांगत होते. म्हणणं एवढंच, की याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण साधारण १२ अंश सेल्सिअसचं, त्याच्या खाली आमच्याकडे अनुभव नाही, उद्या उडवू नका. नासाचे अधिकारी वैतागले. कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून घेतला आणि इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. परवानगी गेली.

ही गोष्ट बहुतेकांना इथपर्यंत माहीत असते. मला त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या पुढ्यात ठेवायच्या आहेत. एक म्हणजे, आधीच्या उड्डाणांतही या कड्या जळालेल्या, झिजलेल्या सापडल्या होत्या आणि तरी यान सुखरूप परत आलं होतं. ते परत आलं हाच 'काही होत नाही'चा पुरावा ठरला. तुमचा कंटेनर आज तेच काम करतोय. पुढच्या फेब्रुवारीत पॅलेट पाच दाखवेल, तेव्हा कोणीतरी म्हणेल, "गेल्या वर्षी चारला गेलाच होता की." दुसरी गोष्ट म्हणजे, एरवी 'उडवणं सुरक्षित आहे' हे दाखवून द्यावं लागायचं. त्या रात्री इंजिनिअरांकडे 'उडवणं असुरक्षित आहे' याचा पुरावा मागितला गेला. प्रश्नच उलटा झाला. रात्री साडेअकराला, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय अशा वेळी, तुम्ही तिला काय विचारलंत ते आठवून बघा. "भरायला हरकत नाही ना?" असं विचारलंत, की "का भरू नये ते सांग" असं?

आता त्या बाकीच्या आठ जणांकडे येते. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ते आहेत, ती नाही.

कोल्ड स्टोरेजच्या टेक्निशियनबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. प्री-कूलिंगचा डिस्प्ले त्यांच्या समोर असतो, तापमान मोजायचा प्रोब त्यांच्या हाताखालून जातो. दोन पॅलेट उशिरा आत गेली की दार नीट लागलं नव्हतं, हे त्यांना तिच्या आधी माहीत असणार. ते त्या रात्री काय म्हणाले? काहीच म्हणाले नसतील तर तुमच्याकडे शांतता आहे असं मला वाटत नाही. मतभेद मीटिंगमधून उठून गेटाबाहेरच्या टपरीवर जाऊन बसलेत, एवढंच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९० च्या दशकात मी सातपूरला एका कारखान्यात प्लॅनिंगला होते, नाव नको. बोअरिंग मशीनवर एक पन्नाशीचे ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. एका सकाळी ते वेस्टच्या कापडात गुंडाळून एक बुश, म्हणजे आरपार भोकाचं धातूचं नळकांडं, घेऊन माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "मॅडम, नो-गो आत जातोय." ज्यांनी प्लग गेज हातात धरलाय त्यांना यापुढे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, गेजचं एक टोक भोकात जायला हवं आणि दुसरं जाता कामा नये. जाता कामा नये ते जात होतं, म्हणजे भोक मोठं झालं होतं. मी डिस्पॅचचा हिशेब करत होते. मान वर न करता म्हटलं, "काका, दहाला ट्रक आहे, चालू द्या." त्यांनी बुश पुन्हा कापडात गुंडाळला आणि गेले. त्या कापडाचा तेलकट डाग माझ्या प्लॅनिंग शीटवर राहिला. ट्रक दहाला निघाला आणि आठव्या दिवशी सगळा लॉट परत आला. नंतर मी त्यांना विचारलं, पुन्हा का नाही सांगितलं? ते म्हणाले, "एकदा सांगणं आमचं काम. दोनदा सांगितलं की तो आगाऊपणा होतो."

लॉटचं नुकसान कंपनीने सोसलं, माझी बोलणीही खाऊन झाली. पण त्यानंतर कितीतरी महिने काका माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत, ते नुकसान कोणत्याच रजिस्टरला लागलं नाही. त्या काळात किती नो-गो आत गेले, देव जाणे.

तुमची क्वालिटी ऑफिसर अजून दुसऱ्यांदा सांगतेय. तिला जोवर 'थर्मामीटर' म्हणताहेत तोवर ती बोलतेय असं समजा. ती गप्प झाली की तुम्हाला वाटेल, चला, रुळली. आणि ते टोपणनाव तिला उद्देशून नाही, ते इतर आठ जणांना आहे. तोंड उघडलं की काय होतं, ते त्यांनी त्यात बघून ठेवलंय.

१९५० च्या दशकात सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. शेंबडं पोरही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. बिचारा एकटा खरा माणूस तीनांतल्या एका वेळेपेक्षा थोड्या जास्त वेळा त्यांच्या चुकीला मान डोलवायचा. मला रस आहे तो पुढच्या भागात. खोलीत एकच जण जरी खरं उत्तर देणारा असला, की ही मान डोलावणी चौथ्या हिश्श्यावर यायची. एकच माणूस! तुमच्या टेक्निशियननी त्या रात्री नुसतं "मॅडम म्हणतात ते बरोबर आहे, दोन तास द्या" एवढं म्हटलं असतं, तर सुपरवायझरही बोलले असते. तिला फील्डवर टाकलंत तर पॅकहाऊसमधून जाईल ती एवढीच एक सोय. बाकीच्यांना आधार वाटावा असं दुसरं माणूस तुमच्याकडे दिसत नाही.

'टीम कुटुंबासारखी' हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. दिंडोरी-निफाडकडची एकत्र कुटुंबं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलीत. तीन भाऊ, एक बाग, पंधरा वर्षं कोणाचा आवाज चढत नाही, थोरला म्हणेल ती छाटणीची तारीख, थोरला म्हणेल तो व्यापारी. आणि एक दिवस बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून वाटण्या होतात. भांडण लिंबाचं असतं का? तर तुमच्याकडे आवाज चढत नाही याचं मला काही फारसं कौतुक वाटत नाही, राग मानू नका.

सल्लागारांचं बोलणं तुम्हाला पटलं नाही, मलाही पटत नाही. मीटिंगला एक विरोधक नेमायचा म्हणजे सोंग आणायचं. सगळ्यांना माहीत असतं की हा आज वाटणीला आलेला विरोध करतोय, मग तेही हसून सोडून देतात. चार्लन नेमेथ या संशोधक बाईंनी नेमलेला विरोधक आणि मनापासून विरोध करणारा यांची तुलना करून पाहिली. खऱ्या विरोधाने लोक जेवढा नव्याने विचार करतात तेवढा नेमलेल्याने करत नाहीत, असं त्यांना दिसलं. तुमच्याकडे खरा फुकटात आलाय, तर नकली कशाला नेमता? आणि 'वाद चांगलेच' हेही सरसकट खरं नाही. डी ड्रू आणि वाइनगार्ट यांनी २००३ साली तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कामावरचे मतभेदसुद्धा बहुतेक ठिकाणी कामगिरीला मारकच दिसले. त्यातल्या त्यात कमी मारक कुठे, तर जिथे कामाचा मतभेद माणसामाणसांतल्या खुन्नसपासून वेगळा राहिला होता तिथे.

हा वेगळेपणा आपल्याकडे फार जुना आहे. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प आणि स्वतःचं काही न मांडता फक्त समोरच्याचं मोडायचं ती वितंडा. गंमत बघा, आपण मराठीत 'वाद' हा शब्द भांडणाला लावून टाकला आणि 'वितंडवाद' म्हणून दोन्हीची मोट बांधली! तुमच्या क्वालिटी ऑफिसरला या चाळणीतून घालून बघा. पॅलेट कोणतं, आकडा किती, नियम काय आणि काय करावं हे चारही तिने सांगितलं. हा वाद झाला. पण तुम्ही 'प्रत्येक गोष्टीला' असं लिहिलंय. तिच्या इतर हरकतींत कधी 'मग काय करायचं' हे येतच नसेल, नुसतं 'हे चूक, ते चूक' असेल, तर ते तिला एकटीला बसवून सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सत्ताविसाव्या वर्षी मीही थोडी तशीच होते.

आणि 'सगळ्यांच्या देखत' म्हणाल, तर रात्री साडेअकराला तिने कुठे सांगायला हवं होतं? तशी जागा तुम्ही करून ठेवलीय का? लोडिंगच्या दोन तास आधी उभ्याउभ्या दहा मिनिटं भेटायची पद्धत पाडा, खुर्च्या नकोत. तिथे सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं, तुम्ही सगळ्यात शेवटी. देवळालीच्या तोफखान्यातला कोणी ओळखीचा असेल तर विचारा, कोर्ट मार्शलमध्ये सगळ्यात कनिष्ठ सदस्याचं मत आधी घेतात. एकदा साहेब बोलले की मागाहून कोणाला वेगळं मत राहत नाही, हे फौजेलाही कळलेलं आहे. तुम्हाला पहिल्या आठवड्यात जीभ चावावी लागेल. आणि सुरुवातीचे काही दिवस ते 'ठीक आहे साहेब' एवढंच म्हणतील. तेव्हा "काही अडचण?" असं विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही' हेच येतं. "आज या लोडमधला सगळ्यात कच्चा दुवा कोणता?" असं विचारा, म्हणजे काहीतरी बोलावंच लागतं.

दोन अंशांचा नियम आहे ना, मग तो मोडायचा कोणी आणि कसा, हे सीझनच्या आधी, डोकी थंड असताना ठरवून टाका. दोनच्या वर गेलं तर लोडिंग थांबेल, कोणी का म्हणेना. तरी भरायचंच असेल तर तुम्ही भरू शकता, मॅनेजर तुम्ही आहात, शेवटचा शब्द तुमचाच. पण रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची की एवढ्या तापमानाला, या कारणाने, माझ्या जबाबदारीवर. खाली सही. ती ओळ लिहायला पेन उचललं की निम्म्या वेळा तुमचं तुम्हालाच वाटेल, जाऊ दे, दोन तास थांबू. आणि उरलेल्या वेळा तुम्ही बरोबरही असाल. विरोध करणारा दर वेळी बरोबर असतो असं कुठे आहे? ती चुकली तर तेही त्याच रजिस्टरमध्ये दिसेल आणि तिलाही त्यातून शिकता येईल.

२०१० तुम्ही विसरला नसाल, तेव्हाही तुम्ही याच धंद्यात होता. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या, द्राक्षात उरलेल्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि अख्ख्या जिल्ह्याचा सीझन धुऊन निघाला. बागेत ते औषध वर्षानुवर्षं वापरात होतं, तपासणीच्या यादीत मात्र नव्हतं. बागेत काय मारतात ते बागवाल्यांना माहीत, यादीत काय आहे ते लॅबला माहीत. "अहो, हे तर आपण मारतो, मग यादीत का नाही?" असा फाटा कोणी फोडला असता तर तेव्हा त्यालाही लोकांनी नावच ठेवलं असतं.

मालकांशी बोलताना 'ती हुशार आहे, राहू द्या' असं म्हणू नका. ती उपकाराची भाषा झाली आणि ती तिच्या मानेवर बसते. सरळ सांगा, की तिला हलवलं तर पुढच्या सीझनला दोन अंशांचा नियम सांगणारं कोणी उरणार नाही आणि क्लेम आला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. टोपणनाव बंद करायला नोटीस लावू नका, त्याने ते आणखी चिकटेल. तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर तिला हुद्द्याने हाक मारायला लागा, पुरे आहे.

टेक्निशियनना एकदा एकटं गाठा. दोष द्यायला नको, चहा घेताना विचारा, "त्या रात्री तुमच्या डिस्प्लेवर किती होतं?" त्यांच्या उत्तराआधी जो थोडा वेळ जाईल तो जाऊ द्या, मध्ये बोलू नका.

आणि एक राहिलंच. क्लेम आला नाही एवढं तुम्ही लिहिलंत, पण त्या कंटेनरमध्ये प्रवासभर तापमान नोंदवणारा डेटा लॉगर ठेवला असेलच. त्याचा ग्राफ खरेदीदाराकडून मागवून घ्या. ती दोन पॅलेट किती दिवसांनी खाली आली, की आलीच नाहीत, की तिचा प्रोबच चुकीचा होता, हे त्यातून बऱ्यापैकी कळेल. ग्राफ आला की स्वतः आधी बघू नका. सकाळच्या मीटिंगमध्ये तो क्वालिटी ऑफिसरच्या हातात द्या आणि वाचायला सांगा. काय निघालं ते मलाही कळवा.